कॅलिब्रेशन ड्यू

नाशिकच्या अंबडमध्ये माणसाची किंमत कशावर करायची, हे दर काही वर्षांनी बदलतं. पूर्वी विचारायचे, गाव कोणतं. मग विचारायला लागले, कंपनी कोणती, आणि लगेच खालच्या आवाजात, पर्मनंट का कॉन्ट्रॅक्ट. मग फ्लॅट आला, मग चारचाकी आली. हल्ली भल्या पहाटे पाथर्डी फाट्याजवळ, फाळके स्मारकाच्या दारात, चूळ भरून आलेला असो वा नसो, समोरच्याला पहिला प्रश्न हा असतो : ‘रेस्टिंग किती आला, भो?’

रेस्टिंग म्हणजे रेस्टिंग हार्ट रेट. अंग आणि डोकं दोन्ही निवांत असताना हृदय मिनिटाला किती ठोके देतं, तो आकडा. मोठ्या माणसात साठ ते शंभर हे नॉर्मल, असं डॉक्टर सांगतात. पण नॉर्मल असण्यात कसला आलाय रुबाब? जो साठच्या खाली, तो खरा. ज्याचा सर्वांत कमी, तो त्या सकाळचा राजा. शाळेत कमी मार्कांपायी मार खाल्लेल्या पिढीला अशी परीक्षा मिळाल्यावर ती का सोडेल?

‘एकसष्ट.’

‘बस? माझा छप्पन्न.’

‘काल लग्नाला गेलतो राव मालेगावला. जागरण झालं. नाहीतर मी पण सत्तावन्नच.’

‘साहेबांना विचारा.’

साहेब बुटाची नाडी आवळत, मान वर न करता म्हणतात, ‘बावन्न.’

यावर कुणी काही बोलत नाही. बोलण्यासारखं राहिलेलंच नसतं. एक जण नकळत सरकून साहेबांना कट्ट्यावर जागा करून देतो.

आता हे बावन्न येतं कुठून, ते बघू. साहेबांना ब्लडप्रेशर आहे. त्यासाठी डॉक्टरांनी त्यांना मेटोप्रोलॉल लिहून दिलंय. ही बीटा ब्लॉकर घराण्यातली गोळी. हृदयाला जरा हळू चालायला लावणं हे तिच्या नेमून दिलेल्या कामांपैकीच एक. म्हणजे साहेबांच्या रुबाबातला मोठा वाटा पंधरा गोळ्यांच्या पाकिटाचा आहे. या घराण्याचा मूळपुरुष प्रोप्रॅनोलॉल. तो शोधणाऱ्या जेम्स ब्लॅक यांना १९८८ चं नोबेल मिळालं. सत्कार करायचाच असेल तर पत्ता तिकडचा आहे. (साहेब, म्हणून गोळी बंद करू नका. अचानक बंद केली तर सदर वाचायला राहणार नाही तुम्ही.)

त्यांच्या खालोखाल चोपन्नवाले. त्यांना अलीकडे थंडी जास्त वाजते, दिवसभर झोप येते, वजन वाढतंय. ग्रुपमध्ये कौतुक चाललंय की पळून पळून हृदय ॲथलीटसारखं झालं. त्यांनी एकदा थायरॉइडची तपासणी करावी, असं कुणी सुचवत नाही. थायरॉइड मंदावलं की नाडीही मंदावते, हे सांगितलं तर सांगणारा जळका ठरतो.

ॲथलीटांची नाडी कमी असते, हे खरंच आहे. वर्षानुवर्षं घाम गाळला की हृदय एका ठोक्यात जास्त रक्त फेकतं, मग त्याला कमी ठोक्यांत भागतं. टूर द फ्रान्स सलग पाच वेळा जिंकणाऱ्या मिगेल इंदुराइनचा आकडा २८ होता असं सांगतात. पण कमी नाडी हे त्या मेहनतीमागून आलेलं फळ. आमच्याकडे फळ आधी पाहिजे, आणि तेही स्क्रीनशॉटसकट. नुसत्या कमी आकड्यावर जायचं तर हत्तीचे ठोकेही मिनिटाला तीसच्याच आसपास पडतात. त्याला अजून कुणी मॅरेथॉनचं मेडल घातलेलं ऐकिवात नाही.

नाशिकला पळण्याचं आणि सायकलीचं वेड उगाच लागलेलं नाही, हेही सांगायला पाहिजे. सावरपाड्याच्या कविता राऊतने २०१० मध्ये दिल्लीच्या राष्ट्रकुल स्पर्धेत दहा हजार मीटरचं ब्राँझ आणलं आणि त्याच वर्षी ग्वांगझूच्या आशियाई स्पर्धेत रौप्य. डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन या भावांनी २०१५ मध्ये दोघांच्या संघाने अमेरिका आडवी पार करणारी रेस अक्रॉस अमेरिका पुरी केली, जवळजवळ ४८०० किलोमीटर. चांदवड तालुक्यातल्या तळेगाव रोहीचा दत्तू भोकनळ विहिरी खणता खणता सैन्यात गेला, तिथे वल्ही हातात घेतली आणि २०१६ ला रिओ ऑलिम्पिकला पोचला. यांतल्या कुणाचा रेस्टिंग किती होता, सांगा पाहू. लोकांना शर्यती आठवतात, पदकं आठवतात. आकडा फक्त आपल्या फाट्यावरच्या मंडळींचा पाठ असतो, कारण दुसरं काही पाठ करण्यासारखं अजून घडलेलं नाही.

बरं, आकडा तरी एकाच मापाचा असतो का? एका कंपनीचं घड्याळ चोवीस तासांतला सर्वांत शांत अर्धा तास शोधतं आणि त्याची सरासरी ‘रेस्टिंग’ म्हणून दाखवतं. तो अर्धा तास बहुधा पहाटेच्या गाढ झोपेतला. दुसऱ्या कंपनीचं घड्याळ झोप बाजूला ठेवतं आणि तुम्ही जागेपणी निवांत बसलेले असताना काय होतं ते धरतं. तिसरं स्वस्तातलं घड्याळ काय धरतं, हे माहितीपुस्तिकेतही नसतं. आता घोरत असताना मोजलेले छप्पन्न आणि जागेपणी खुर्चीत मोजलेले एकसष्ट यांची तुलना करून एक जण फुशारतो आणि दुसरा दिवसभर खट्टू. दोघांनी घड्याळं बदलून घातली असती तर कदाचित कट्ट्यावरच्या जागाही बदलल्या असत्या.

पण नाशिकमध्ये, आणि त्यातही अंबडमध्ये हे चालावं, याचा मला खरा अचंबा वाटतो. पुण्यामुंबईच्या सॉफ्टवेअरवाल्यांना मी माफ करतो. त्यांनी उभ्या जन्मात व्हर्नियर हातात धरलेलं नसतं. अंबडचं पोट मोजमापावर चालतं. एक्स्लो पॉइंटपासून आत शिरा, गाळ्यागाळ्यात मिलिमीटरच्या शंभराव्या भागावरून भांडणं चाललेली असतात. इथल्या कुठल्याही बऱ्या शॉपमध्ये व्हर्नियर उचलून बघा. त्यावर नखाएवढं स्टिकर असतं. आयडी नंबर, कॅलिब्रेशन कधी झालं, पुढचं कधी ड्यू. तारीख उलटली की ते व्हर्नियर कितीही चकचकीत असो, लाइनवर दिसता कामा नये. ऑडिटर आला की तो आधी मशीन बघत नाही, स्टिकर बघतो. व्हर्नियर हातातून पडलं तर पडलं असं सांगावं लागतं, ते स्टँडर्ड रूमला जातं, स्लिप गेज लावून तपासल्याशिवाय परत येत नाही. आणि नवा ऑपरेटर ‘सर, पॉइंट झीरो टू जास्त दाखवतंय’ म्हणाला की क्वालिटीवाल्यांचा पहिला प्रश्न असतो, ‘पीसमध्ये जास्त आहे की गेजमध्ये?’

हाच क्वालिटीवाला सकाळी ऑनलाइन सेलमध्ये घेतलेलं दोन हजारांचं घड्याळ बघून म्हणतो, ‘हार्ट एकदम फिट आहे आपलं.’

कुठल्या गेजवर, साहेब? स्टिकर कुठंय?

आणखी एक गोष्ट. लेथवरून उतरलेला गरम पीस लगेच मोजायचा नसतो, हे इथल्या आयटीआयच्या पोरालाही ठाऊक आहे. गरम धातू फुगलेला असतो. माप जास्त भरलं म्हणून आणखी एक कट मारला की थंड झाल्यावर पीस अंडरसाइज, सरळ रिजेक्शन बिनमध्ये. म्हणून जगभर लांबी मोजण्याचं ठरलेलं तापमान २० अंश, १९३१ पासून. पीस तासन्‌तास तेवढ्या तापमानाच्या खोलीत नुसता पडू देतात, मग हात लावतात. लोखंडालासुद्धा मोजण्याआधी विश्रांती मिळते. आणि आमचा माणूस फाट्यावर गाडी लावून, चहा मारून, ट्रॅफिकवाल्याशी हुज्जत घालून मनगट वर करतो : ‘आज रेस्टिंग जास्त दाखवतोय रे!’

मोजमापावरही मोजमाप असतं, ते म्हणजे गेज आर अँड आर. तीन ऑपरेटर, दहा पीस, प्रत्येकाने प्रत्येक पीस दोन-तीनदा मोजायचा, आधी काय आलं ते न बघता. एकाच पीसला दर वेळी वेगळं माप येत असेल तर दोष पीसचा नाही, मोजण्याचा. एकूण चढउतारात मोजण्याचा वाटा दहा टक्क्यांच्या आत असला तर पद्धत चांगली, तीसच्या वर गेला तर नापास. हे तक्ते इथली माणसं झोपेत भरतात. त्यांतल्या एकानेही कधी डाव्या हातात एक आणि उजव्या हातात दुसरं घड्याळ बांधून, मानेजवळ बोटं ठेवून स्वतः साठ सेकंद मोजून बघितलंय? नाही. कारण तिथे गिऱ्हाईक माल परत पाठवतं. इथे गिऱ्हाईकही आपणच आणि मालही आपणच.

जिथे पैसा अडकलाय तिथेच माणूस नेमकं मोजतो, ही चाल आजची नाही. मंडळी रोज ज्या डोंगराच्या पायऱ्या चढतात, त्या पांडवलेण्यात दहाव्या क्रमांकाच्या लेण्यात राजा नहपानाचा जावई उषवदात याने आपली दानं कोरून ठेवली आहेत. त्यात लिहिलंय, तीन लाख गाई दिल्या. तीन लाख! कुणी मोजल्या, कुठे बांधल्या, चारा कुणी घातला, काही नाही. आकडा कसा वाटोळा, गुबगुबीत. पण त्याच लेण्यात विणकरांच्या श्रेणींकडे ठेवलेल्या तीन हजार कार्षापण नाण्यांचा हिशेब बघा : दोन हजारांवर महिना एक टक्का आणि उरलेल्या एक हजारावर महिना पाऊण टक्का. पाऊण! दानाचं माप मनाला येईल तसं, व्याजाचं गेज मात्र कॅलिब्रेटेड. एकोणीसशे वर्षं होऊन गेली. पायऱ्या चढणारे तेवढे बदलले.

घड्याळावर सगळा राग काढण्यातही अर्थ नाही. ते बिचारं काय करतं? त्याच्या पोटाशी हिरवा दिवा असतो, तो कातडीवर मारतो. रक्त हिरवा प्रकाश पितं. ठोका पडला की मनगटात रक्ताची लाट येते, प्रकाश जास्त शोषला जातो, परत कमी येतो. परत आलेल्या प्रकाशाचे हे चढउतार मोजून ते नाडी सांगतं. म्हणजे ते ठोका ऐकत नाही, अदमास बांधतं. तुम्ही स्वस्थ बसलेले असाल, पट्टा नीट आवळलेला असेल, हात गार पडलेला नसेल, तर हा अदमास बऱ्यापैकी जमतो. स्टॅनफर्डच्या लोकांनी २०१७ मध्ये सात घड्याळं साठ जणांच्या हातात बांधून तपासली होती. त्यांतल्या सहांची नाडी मोजण्यातली चूक पाच टक्क्यांच्या आत राहिली. चांगलंच म्हणायचं.

त्याच अभ्यासाचं पुढचं पान आमच्याकडे कुणी वाचत नाही. कॅलरींचा हिशेब सातांपैकी एकालाही जमला नव्हता. जे सर्वांत बरं होतं ते सरासरी २७ टक्क्यांनी चुकलं, जे सर्वांत वाईट ते ९३ टक्क्यांनी. आता रविवारी काय होतं ते तुम्हाला माहीतच आहे. घड्याळ म्हणतं, नऊशे कॅलरी जाळल्या. लगेच मोर्चा मिसळीकडे. ‘आज जाळल्यात राव, तर्री येऊ द्या’ म्हणत दुसरी प्लेट, पापड, दही आणि निघताना पावशेर जिलबी घरच्यांसाठी, त्यातली निम्मी गाडीवरच. सत्तावीस टक्क्यांची चूक कमरेवर जमा होते, आणि कमर मोजायची टेप कधी चुकत नाही म्हणून ती कुणी काढत नाही.

पळताना तर आणखी मजा. हात हलतो, घड्याळ उसळतं, प्रकाश पावलागणिक हलतो. मग घड्याळ नाडीचा नाद सोडून पावलांचाच ताल पकडतं. पळणाऱ्याची पावलं मिनिटाला एकशे साठ-सत्तर पडत असतात, आणि स्क्रीनवर हार्ट रेट एकशे पासष्ट. गडी खूश : ‘आज झोन फोर!’ मोजत होतं ते बूट. ज्यांना खरोखर पळतानाची नाडी हवी असते ते छातीला पट्टा बांधतात. तो ठोक्याची वीज टिपतो. फिनलंडच्या पोलारने असा बिनतारी पट्टा १९८२ मध्येच बाजारात आणला होता. पण छातीचा पट्टा शर्टाखाली जातो. दिसत नाही. आणि न दिसणाऱ्या वस्तूवर खर्च करणं आपल्या रक्तात नाही, मग ते रक्त कितीही हिरवा प्रकाश पीत असो.

चीनमध्ये तर काही जणांनी फिटनेसचा पट्टा टॉयलेट पेपरच्या गुंडाळीला बांधला आणि घड्याळाने तिचीही नाडी सांगितली. प्रकाश गेला, परत आला, थोडा हलला, झाला ठोका. तेव्हा आपला रेस्टिंग सांगण्याआधी माणसाने एवढा विचार करावा की स्पर्धेत आणखी कोण कोण आहे.

झोन फोर म्हणजे काय, हेही बघून घ्या. घड्याळ २२० मधून तुमचं वय वजा करतं आणि म्हणतं, हा तुमचा कमाल हार्ट रेट. त्याच्या टक्केवारीवर झोन पाडतं. हे सूत्र फॉक्स आणि हॅस्केल या अमेरिकेतल्या दोघा संशोधकांनी १९७०-७१ च्या सुमाराला हाताशी असलेल्या मूठभर अभ्यासांवरून ओढलेली रेघ आहे. एकाच वयाच्या दोन धडधाकट माणसांत त्या रेघेपासून दहा-बारा ठोक्यांचा फरक अगदी सहज पडतो. अंबडच्या भाषेत, ड्रॉइंगवर डायमेन्शन लिहिलंय पण टॉलरन्स लिहायचा राहिला. असं ड्रॉइंग व्हेंडरकडे गेलं तर तो फोन करून विचारतो. मनगटावर आलं तर पूजा होते.

आणि ते ‘फिटनेस एज’. बावन्न वर्षांच्या गृहस्थाला घड्याळाने सांगितलं, तुमचं वय अडतीस. त्यांनी घरी येऊन जाहीर केलं. स्वयंपाकघरातून आवाज आला, ‘अहो, अडतीसचे ना? मग सिलिंडर खालून वर आणा. लिफ्ट बंद आहे.’

याच स्वयंपाकघरात एक घड्याळ आहे, ज्याच्याकडे कुणाचं लक्ष नाही. ह्यांनी नवं घेतलं तेव्हा जुनं तिला दिलं. तिचा रेस्टिंग चौऱ्याऐंशी-अठ्ठ्याऐंशी येतो. कट्ट्यावर त्याचा विनोद होतो : ‘आमच्या होम मिनिस्टरची गाडी कायम हाय आरपीएमवर.’ बायकांचा आकडा पुरुषांपेक्षा थोडा वर असतोच. पण अंगात रक्त कमी असलं की हृदयाला तेवढ्याच कामासाठी जास्त फेऱ्या माराव्या लागतात. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९-२१ च्या पाचव्या फेरीत देशातल्या १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के स्त्रियांत रक्तक्षय आढळला. म्हणजे त्या सबंध कॉलनीत ज्या एका आकड्यावरून खरोखर डॉक्टरकडे जायला पाहिजे, हिमोग्लोबिन बघायला पाहिजे, त्या आकड्यावर हशा पिकतो. आणि गोळीने आलेल्या बावन्नला कट्ट्यावर जागा मिळते.

नाडीचं वेड नवं नाही म्हणा. आपले वैद्य तीन बोटं ठेवून वात-पित्त-कफ सांगायचे. शार्ङ्गधराने तर नाडीच्या चाली ठरवून दिल्या : वाताची सापासारखी, पित्ताची बेडकासारखी, कफाची हंसासारखी. इंग्लंडात जॉन फ्लॉयर नावाच्या डॉक्टरने १७०७ मध्ये पुस्तक लिहून सांगितलं की नाडी घड्याळ लावून मोजा, आणि त्यासाठी बरोबर एक मिनिट चालणारं घड्याळ करवून घेतलं. पुढे आमच्या घराघरात एचएमटी आली. तिच्या सेकंदकाट्यावर डोळा ठेवून फॅमिली डॉक्टर मनगट धरायचे. घड्याळ डॉक्टरांच्या हातात असायचं आणि नाडी पेशंटच्या. पुढे कोविडात घरोघरी ऑक्सिमीटर आला. त्यावर दोन आकडे दिसायचे. तेव्हा सगळे जीव मुठीत धरून वरचा बघायचे. संकट टळल्यावर खालच्या आकड्याची चटक लागली, ती सुटली नाही.

इथवर ठीक आहे. चार माणसं चार आकडे फेकतात, दोन घटका बरी जातात. माझं भांडण पुढच्या गोष्टीशी आहे.

रात्री अकराला छातीत दडपल्यासारखं होतं, घाम फुटतो, डावा हात जड. बायको म्हणते, दवाखान्यात चला. हा मनगट वळवतो. शहात्तर. ‘नॉर्मल आहे गं. ॲसिडिटी असेल. संध्याकाळचा वडा बाधला.’ इथे मात्र हसू येत नाही. हार्ट अटॅक म्हणजे हृदयाला रक्त पुरवणारी नळी तुंबणं. ठोके किती पडतात, हा निराळा प्रश्न. नळी तुंबलेली असतानाही नाडी शहात्तर असू शकते. आमच्या घड्याळाला हार्ट अटॅक ओळखता येत नाही, हे मोठ्या कंपन्या स्वतःच लिहून ठेवतात, इतक्या बारीक अक्षरात की ते वाचायला चष्मा लागावा आणि चष्मा शोधेपर्यंत दुखणं वाढावं. काही झटक्यांत, विशेषतः हृदयाच्या खालच्या बाजूच्या, नाडी उलट मंदावते. म्हणजे नेमक्या त्या घटकेला घड्याळात बावन्न दिसू शकतं. स्क्रीनशॉट टाकलाच तर ग्रुपवर अभिनंदनाचे अंगठे येतील. त्यापेक्षा १०८ ला फोन लावा. दवाखान्यात छातीवर आणि हातापायांना तारा लावून बारा बाजूंनी हृदय बघतात, आणि त्या मशीनवर कॅलिब्रेशनचं स्टिकर असतं.

उलट बाजूही आहे. ठोक्यांची लय बिघडली तर काही महागडी घड्याळं इशारा देतात आणि तो कामाचा ठरू शकतो. २०१९ मध्ये निकाल लागलेल्या एका अमेरिकन अभ्यासात ४,१९,२९७ माणसांच्या मनगटावर ही नजर ठेवली होती. इशारा गेला अर्ध्या टक्क्याला. त्यांतल्या ज्यांनी पुढे छातीला पॅच लावून तपासून घेतलं, त्यांच्यापैकी ३४ टक्क्यांत लय खरंच बिघडलेली सापडली. घड्याळ वाजलं तर डॉक्टरकडे जावं, एवढी त्याची लायकी नक्की आहे. घड्याळ वाजलं नाही म्हणून जाऊ नये, एवढी नाही.

आणि रेस्टिंगचा आकडाही फेकून द्यायचा नाही, फक्त दुसऱ्याच्या शेजारी ठेवायचा नाही. तेच घड्याळ, तोच हात, तीच वेळ, आणि आपलाच मागच्या महिन्याचा आकडा. एरवी बासष्टला असणारा माणूस चार दिवस सत्तरवर बसला असेल तर काहीतरी शिजतंय. ताप एक अंशाने चढला की नाडी साधारण दहाने चढते. थर्ड शिफ्टचा आठवडा लागला की चढते. झोप मोडली, पाणी कमी प्यालं, पार्टी झाली, की चढते. शॉपमध्ये याला ट्रेंड म्हणतात, आणि कंट्रोल चार्टवर सलग सात पॉइंट एका बाजूला पडले की लाइन थांबवतात. शेजारच्या मशीनच्या चार्टशी आपला चार्ट कुणी ताडून बघत नाही, कारण तिथे वेगळा पार्ट चाललेला असतो.

पण ताडून बघण्याची हौस आता मॅनेजमेंटलाही लागली आहे. वेलनेस महिना आला की कंपन्यांत स्टेप चॅलेंज लागतं. ॲप डाउनलोड करा, घड्याळ जोडा, रोज दहा हजार पावलं. दहा हजारच का, असं विचारू नये. १९६५ च्या सुमाराला जपानमध्ये एका पावलंमोजणी यंत्राचं नावच ‘दहा हजार पावलांचं मीटर’ असं ठेवलं होतं, तिथून तो आकडा जगभर फिरला. तर चॅलेंज लागतं आणि ऑफिसातले लोक जेवणानंतर कॅन्टीनला प्रदक्षिणा घालायला लागतात. एखादा वरिष्ठ मीटिंगमध्ये टेबलाखाली हात हलवत असतो. लिंक रोडच्या खड्ड्यांतून मोटारसायकल घातली की पावलं आपोआप चढतात, हा शोध पहिल्याच आठवड्यात लागतो.

खाली शॉप फ्लोअरवर ऑपरेटर आठ तास उभा असतो. ट्रॉली ढकलतो, बिन उचलतो, मशीन ते इन्स्पेक्शन टेबल, टेबल ते मशीन, अखंड फेऱ्या. त्याच्या मनगटावर काही नसतं. फिरत्या मशीनजवळ घड्याळ, अंगठी, कडं घालायला सक्त मनाई आहे, आणि ती योग्यच आहे, चकमध्ये पट्टा अडकला तर हात जातो. त्यामुळे त्याचं घड्याळ पहिल्या शिफ्टच्या भोंग्याआधीच लॉकरमध्ये गेलेलं असतं.

महिनाअखेरीला एचआरवाले ग्राफ लावतात. पहिला नंबर अकाउंट्सचा, दुसरा पर्चेसचा. विजेत्याला शाल, श्रीफळ आणि एक नवं घड्याळ. शेवटच्या स्लाइडवर लाल अक्षरांत लिहिलेलं असतं : ‘ऑपरेटर वर्गात शारीरिक हालचाल चिंताजनकरीत्या कमी. जनजागृतीची गरज.’ पुढच्या सोमवारी दुपारी त्यांच्यासाठी व्यायामाचं महत्त्व या विषयावर व्याख्यान ठेवतात, शिफ्ट सुटल्यावर, कॅन्टीनमध्ये, उभ्याने.